नव्वद नंबरच्या पुढचा आकडा

२९ डिसेंबर २०१८ च्या सकाळी नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता. अशा सकाळी महालातल्या किंवा धरमपेठेतल्या अंगणात उभी असलेली पंचवीस-तीस वर्षांची गाडी सुरू करून पाहावी. दोन-चारदा खोकून इंजिन जागं होतं, पहिला गिअर पडतो, गाडी फाटकाबाहेर येते आणि दुसऱ्या गिअरला दांडा अडतो. जोर लावला तर खर्रर्र. दोन-तीन किलोमीटर गेल्यावर मात्र तोच दांडा निमूट जागेवर बसू लागतो. मे महिन्यात तक्रार बदलते. सकाळी सगळं सुरळीत, पण भर दुपारी वर्धा रोडनं बुटीबोरीपर्यंत जाऊन आलं, की गिअरबॉक्समधून जात्यासारखी घरघर ऐकू येते.

या दोन्ही तक्रारींवर गॅरेजात बहुधा एकच औषध मिळतं. ‘काही नाही जी, नव्वद नंबर टाकून देऊ.’

नव्वद नंबर म्हणजे गिअर ऑइल, हे समीकरण तीन पिढ्यांच्या मिस्त्रींनी घट्ट करून ठेवलं आहे. ते चूक नाही, पण अर्धंच आहे. डब्यावर नव्वदच्या शेजारी आणखी एक आकडा असतो, ‘जीएल-४’ किंवा ‘जीएल-५’. एकाच कंपनीचे, एकाच रंगाचे, दोन्हींवर ठळक ‘९०’ छापलेले डबे दुकानाच्या एकाच फळीवर शेजारी-शेजारी असू शकतात. त्यातला एक जुन्या गाडीच्या गिअरबॉक्ससाठी योग्य असतो. दुसरा त्याच गाडीच्या मागच्या आसासाठी योग्य असतो, आणि गिअरबॉक्ससाठी नसतो.

आधी नव्वदचं पाहू. अमेरिकेतल्या सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्स या संस्थेनं, म्हणजे एसएईनं, ठरवलेला हा घट्टपणाचा आकडा. गिअर ऑइलसाठी तिची ‘जे-३०६’ ही वेगळी मोजपट्टी आहे. १०० अंश सेल्सिअसला ज्या तेलाची चिकटता १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक्स असते, ते ९० नंबरचं. १४० नंबरची चिकटता २४ ते ३२.५ असते. पूर्वी नव्वदचा पट्टा थेट २४ पर्यंत होता. २००५ च्या सुमारास तो कापून मधे ११० हा नवा नंबर घातला गेला. म्हणून जुन्या पुस्तकातला नव्वद आणि आजच्या डब्यावरचा नव्वद तंतोतंत एकच असतील असं नाही.

ही पट्टी इंजिन ऑइलच्या पट्टीहून वेगळी आहे, हे ध्यानात न घेतल्यानं बराच गोंधळ होतो. इंजिनात ४० नंबरचं तेल आणि गिअरबॉक्समध्ये ९० नंबरचं, म्हणजे गिअरचं तेल दुपटीहून जाड, असं वाटणं साहजिक आहे. पण १०० अंशांवर इंजिनाचं ४० नंबर तेल १२.५ ते १६.३ च्या पट्ट्यात असतं आणि ५० नंबर २१.९ च्या आत. म्हणजे गिअरचं नव्वद हे इंजिनाच्या चाळीस-पन्नासचंच भावंड. माप तेच, पट्टी दुसरी. गिअरबॉक्ससाठी निराळी पट्टी ठेवली, ती दोन तेलांचे डबे एकमेकांत मिसळले जाऊ नयेत म्हणून.

‘८०डब्ल्यू-९०’ मधला आधीचा भाग थंडीचा. ८०डब्ल्यू तेलाची परीक्षा उणे २६ अंशांवर होते आणि ७५डब्ल्यूची उणे ४० वर. नागपूरची विक्रमी थंडीसुद्धा त्यांच्या वाटेला जात नाही. तरीही या आकड्याचा इथे उपयोग आहे. साध्या खनिज ८०डब्ल्यू-९० तेलाची चिकटता ४० अंशांना साधारण १४० आणि १०० अंशांना साडेचौदा धरून हिशेब मांडला, तर १० अंशांच्या पहाटे ते हजाराच्या घरात जातं आणि ४५ अंशांच्या दुपारी शंभराच्या आसपास येतं. हिवाळ्याची सकाळ आणि मेची दुपार यांत दहापट फरक. दुसऱ्या गिअरला अडणाऱ्या दांड्याचं अर्धं कारण इथेच सापडतं. सिंथेटिक ७५डब्ल्यू-९० त्याच पहाटे निम्म्यानं पातळ राहतं आणि तापल्यावर मात्र नव्वदचं नव्वदच असतं.

उन्हाची भीती मात्र नागपुरात जरा जास्तच बाळगली जाते. ३० मे २०२४ रोजी शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं तापमान चक्क ५६ अंश दाखवलं आणि देशभर बातमी झाली. सेन्सर बिघडल्याचा खुलासा हवामान खात्यानं मागाहून केला. धड चालणारी केंद्रं ४४ अंशांच्या आसपास होती. गिअरबॉक्सच्या दृष्टीनं हा फरक पाहण्यासारखा आहे. तासभर पळालेल्या गाडीत दात आणि बेअरिंगं यांच्या घर्षणानं तेल मुळातच हवेहून कितीतरी जास्त तापतं, आणि नव्वद नंबर मोजला जातो तोच १०० अंशांवर. उन्हाळा आहे म्हणून १४० नंबर ओतायचं, हा उपाय मे महिन्यात घरघर दाबतो आणि डिसेंबरात दांडा मोडायची वेळ आणतो. समृद्धी महामार्गावर गाड्यांना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे म्हणून चार गिअरची जुनी गाडी तासन्‌तास ताणायची हौस असेल, तर जाड तेलापेक्षा वेग उतरवणं तिला जास्त मानवतं.

आता दुसरा आकडा. जीएल म्हणजे ‘गिअर लुब्रिकंट’. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची ही वर्गवारी तेलाचा घट्टपणा सांगत नाही, त्यात कोणता मसाला किती घातला आहे ते सांगते. जीएल-१ म्हणजे जवळपास बिनमसाल्याचं खनिज तेल. मधले २ आणि ३ आणि शेवटचा ६ कालबाह्य झाले. बाजारात उरले ते मुख्यतः ४ आणि ५. इथे पाच म्हणजे चारहून वरचा दर्जा, असा समज करून घेतला की घोटाळा सुरू होतो. इंजिन ऑइलच्या वर्गवारीत पुढचं अक्षर बहुतेक वेळा मागच्याची जागा घेतं. गिअर ऑइलमध्ये तसं नाही. चार आणि पाच ही दोन निरनिराळ्या कामांसाठी बनवलेली तेलं आहेत.

पाचचा जन्म गाडीच्या मागच्या आसात झाला. १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या ग्लीसन कंपनीनं हायपॉइड नावाचे दाते आणले आणि १९२६ मध्ये पॅकार्डनं ते मोटारीत बसवले. आपल्याकडचे मिस्त्री ज्याला क्राउन-पिनियन म्हणतात त्यातलं पिनियन या रचनेत क्राउनच्या मध्यरेषेच्या खाली बसतं. त्यामुळे प्रॉपेलर शाफ्ट खाली येतो, गाडीचा तळ खाली घेता येतो आणि दात मजबूत होतात. बदल्यात एक त्रास पदरी येतो. हे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, प्रचंड दाबाखाली घासतही जातात. साध्या तेलाचा पापुद्रा तिथे टिकत नाही. म्हणून तेलात गंधक आणि फॉस्फरसची संयुगं घालतात. दाब आणि उष्णता वाढली की ती पोलादाशी रासायनिक क्रिया करून दातांवर पातळ थर बसवतात आणि धातूला धातू चिकटू देत नाहीत. जुनं गिअर ऑइल सांडलं की हाताला दिवसभर येणारा उग्र वास या गंधकाचाच. जीएल-५ मध्ये हा मसाला जीएल-४ च्या साधारण दुप्पट असतो.

गिअरबॉक्समध्ये मात्र पोलादासोबत पितळही असतं.

१९२० च्या दशकापर्यंत गिअर बदलणं ही कसरत होती. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून ॲक्सिलरेटर, पुन्हा क्लच आणि मग गिअर. ट्रकवाले ‘डबल क्लच’ म्हणतात ते हेच. अर्ल थॉम्पसन या अमेरिकन अभियंत्यानं त्यावर सिंक्रोमेशची तोड काढली आणि १९२८ मध्ये कॅडिलॅकनं ती बाजारात आणली. कल्पना साधी आहे. दोन दातेरी भाग वेगवेगळ्या गतीनं फिरत असताना ते एकमेकांत अडकण्याआधी पितळेची किंवा कांशाची एक शंकूच्या आकाराची रिंग गिअरच्या पोलादी शंकूवर दाबली जाते. दोघांच्या घर्षणानं गती सारखी होते आणि दांडा अलगद पडतो. म्हणजे गिअरबॉक्समधल्या सगळ्या भागांना घर्षण नको असतं, या एका रिंगेला मात्र ते हवंच असतं. क्षणभरासाठी का होईना, तिनं तेलाचा थर बाजूला सारून शंकूला पकडलं पाहिजे. त्यासाठी तिच्या आतल्या बाजूला बारीक आटे कोरलेले असतात. तेल त्या खाचांतून निसटतं.

या रिंगेला जीएल-५ दोन प्रकारे जड जातं. त्यातला निसरडेपणा हायपॉइड दातांच्या हिशेबानं ठरवलेला असल्यामुळे रिंगेची पकड सुटते, गती जुळायला वेळ लागतो आणि घाईनं दांडा ओढला की खर्रर्र होतं. शिवाय सक्रिय गंधक पितळ आणि तांब्याला काळवंडवतं. तेलाच्या प्रयोगशाळेत यासाठी तांब्याच्या पट्टीची चाचणीच आहे. पट्टी १२१ अंशांच्या तेलात तीन तास बुडवून ठेवायची आणि ती किती काळी पडली ते ठरावीक रंगांशी ताडून पाहायचं. आजच्या चांगल्या जीएल-५ तेलांत गंधकाला बरंच आवरलेलं असतं. त्यामुळे एकदा चुकून ते पडलं म्हणून महिन्याभरात रिंग विरघळेल, असं घाबरण्याचं कारण नाही. पकडीचा प्रश्न मात्र उरतोच. डब्यावर ‘जीएल-४/जीएल-५’ असं दोन्ही छापलेलं असेल, तर ते तेल सिंक्रोच्या गिअरबॉक्ससाठी चालतं की नाही, हे कंपनीच्या माहितीपत्रकात वाचून घेतलेलं बरं.

‘एमटी-१’ ही आणखी एक चकवणारी खूण. एमटी म्हणजे मॅन्युअल ट्रान्समिशन, तेव्हा हेच आपलं तेल, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात ही वर्गवारी सिंक्रो नसलेल्या, जड ट्रक आणि बसच्या गिअरबॉक्ससाठी आहे.

आता हा हिशेब दारातल्या गाडीला लावू. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बाहेर पडू लागली. तीच पुढे पद्मिनी झाली. मुंबईच्या रस्त्यांवरून तिची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. खासगी पद्मिन्या विदर्भातल्या अंगणांत अजून आहेत. पुढे इंजिन, त्यामागे गिअरबॉक्स, लांब शाफ्ट आणि मागे क्राउन-पिनियनचं वेगळं डिफरन्शियल अशी तिची मांडणी. ॲम्बेसेडर, जुनी महिंद्रा जीप आणि जिप्सी या पंगतीतल्याच, आणि इंजिन सीटखाली असलं तरी ओम्नीही त्याच पंगतीत बसते. या गाड्यांत तेलाच्या पेट्या किमान दोन. गिअरबॉक्सला पुस्तकात सांगितलेलं, बहुधा जीएल-४, आणि मागच्या हायपॉइडला जीएल-५. जिप्सी किंवा जीप चारही चाकांवर चालणारी असेल तर पुढचा आस आणि ट्रान्स्फर केसही मोजावी लागते. ‘एकच पाच लिटरचा डबा आणा, दोन्हीकडे होऊन जाईल’ असं जिथे म्हटलं जातं, तिथे एका पेटीचं नुकसान ठरलेलं असतं. जीएल-५ दोन्हीकडे गेलं तर रिंगेचं, जीएल-४ दोन्हीकडे गेलं तर क्राउन-पिनियनचं.

डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० नं हे चित्र पालटलं. तिचं इंजिन पुढे आणि आडवं, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच कवचात. शक्तीला काटकोनात वळायचंच नसल्यानं त्या डिफरन्शियलमध्ये हायपॉइड दाते लागत नाहीत, तिरप्या दातांची साधी जोडी पुरते. म्हणून ८०० असो, झेन असो की पुढे १९९८ मध्ये आलेली सँट्रो, एकाच जीएल-४ तेलावर सगळं भागतं. अशा गाडीत ‘चांगलं, महागाचं’ म्हणून जीएल-५ घालण्यानं काही साधत नाही.

काही गाड्या तर गिअर ऑइलच्या वाटेलाच जात नाहीत. १९५९ च्या ब्रिटिश मिनीत गिअरबॉक्स इंजिनाच्या तळपेटीतच बसवला होता, दोघांना तेल एकच. एमजीबीसारख्या ब्रिटिश गाडीच्या वेगळ्या गिअरबॉक्सलाही पुस्तकात इंजिन ऑइलच सांगितलेलं असे. ॲम्बेसेडरची मुळं त्याच ब्रिटिश घराण्यात आहेत आणि २०१४ पर्यंतच्या तिच्या लांब कारकिर्दीत इंजिनं आणि गिअरबॉक्सही बदलत गेले, तेव्हा आपल्या मॉडेलचं पुस्तक उघडल्याशिवाय तिच्याबाबत काहीच गृहीत धरू नये. होंडाच्या मॅन्युअल गाड्या कंपनीचं खास पातळ तेल मागतात आणि ते मिळेपर्यंत तात्पुरतं १०डब्ल्यू-३० इंजिन ऑइल चालवून घ्या म्हणतात. तिथे नव्वद नंबर ओतला तर थंडीत दांडा हलता हलत नाही. उलट टोकाला ट्रॅक्टर. हिंगण्याच्या एमआयडीसीत महिंद्राचा ट्रॅक्टर कारखाना आहे आणि शेतीच्या मोसमात ट्रॅक्टरचं तेल जिल्ह्यातल्या कुठल्याही दुकानात सहज मिळतं. ते एकच तेल गिअर, हायड्रॉलिक आणि तेलात बुडालेले ब्रेक अशी तिन्ही कामं करण्यासाठी बनवलेलं असतं. घरात उरलं म्हणून ते गाडीत घालायचं नसतं.

गिअरबॉक्स ही नागपूरच्या परिसराला तशी परकी वस्तू नाही. शेजारच्या भंडारा जिल्ह्यात गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना १९८० च्या दशकापासून आहे आणि ट्रक-बसचे गिअरबॉक्स बनवणं हे त्याचं मुख्य काम. वाडीच्या ट्रान्सपोर्ट पट्ट्यात गिअरबॉक्स उतरवून तासाभरात खोलणारे हात मिळतात. पण ट्रकची सवय कधीकधी कारच्या मुळावर येते. ट्रकच्या आसाला शोभणारं १४० नंबर, गळती थांबते म्हणून कारलाही दिलं जातं. गळती थांबते खरी, थोडे दिवस. सीलचा रबर कडक झालेला असतो, तो तसाच राहतो. वापरलेली गाडी विकताना घरघर झाकायला तेलात लाकडाचा भुसा घालण्याची जुनी लबाडी जगभर ऐकायला मिळते, तिच्यामागचं तत्त्वही हेच. आवाज दबतो, झीज चालू राहते.

तेल बदलण्याआधी दोष खरंच तेलाचा आहे का, तेही पाहावं लागतं. क्लच पूर्ण सुटत नसेल तर सगळेच गिअर, विशेषतः रिव्हर्स, करकरतात. स्टिअरिंगच्या दांडीवर गिअर असलेल्या पद्मिनीसारख्या गाड्यांत वरपासून खालपर्यंत जाणाऱ्या सळ्यांचे बुश झिजले की गिअर अर्धवट पडतो आणि बोल गिअरबॉक्सला लागतो. त्या काळातल्या अनेक गाड्यांच्या पहिल्या गिअरला सिंक्रो मुळातच नव्हता, चालत्या गाडीत तो पाडला तर आवाज येणारच. आणि एकच एक गिअर, समजा दुसरा, थंड असो वा गरम, कायम ओरडत असेल तर त्याची रिंग झिजली आहे. योग्य तेलानं तिचे थोडे महिने वाढतील, गेलेले आटे परत येणार नाहीत.

तेल बदलताना एक नियम जुने मिस्त्री न चुकता पाळतात. आधी बाजूचा, तेल भरायचा नट ढिला करून पाहायचा आणि मगच खालचा, तेल सोडायचा. खालचा नट उघडून तेल वाहून गेलं आणि वरचा नट गंजून बसला असेल, तर गाडी रिकाम्या पोटी अडकून पडते. गाडी थोडी फिरवून तेल कोमट करून घेतलं की ते मळ घेऊन खाली येतं. नवं तेल बाजूच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत भरायचं, गाडी सपाट जमिनीवर ठेवून. त्याहून जास्त भरलं तर ते फेसाळतं, तापतं आणि सीलमधून वाट काढतं.

सोडलेलं तेल मात्र लगेच बाजूला करू नये. पांढऱ्या पसरट भांड्यात घेऊन उन्हात धरलं की पेटीच्या आतलं बरंच काही कळतं. खालच्या नटाला चुंबक असेल तर त्यावर राखाडी लोण्यासारखा लेप असतो, ती पोलादाची नेहमीची झीज. तेलात सोनेरी चमचम दिसली तर ते रिंगेचं पितळ. दाताचा तुकडा हाताला लागला, तर तेलाचा विषय तिथेच संपतो आणि गिअरबॉक्स खाली उतरतो.

तेल दुधाळ, कॉफीसारखं दिसलं तर आत पाणी गेलं आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं आणि तलावाखालच्या भागातल्या असंख्य गाड्या पाण्यात गेल्या. अशा वेळी इंजिनाकडे सगळ्यांचं लक्ष जातं, गिअरबॉक्स राहून जातो. आतली हवा तापून फुगली तर बाहेर पडावी म्हणून त्याच्या माथ्यावर एक छोटी श्वासनळी असते. पेटी पाण्याखाली गेली की पाणी या नळीतून आणि थकलेल्या सीलमधून आत झिरपतं. चालून तापलेली गाडी पाण्यात शिरली तर ती झटकन थंड होते, आतली हवा आकसते आणि पाणी ओढलंच जातं. पुरातून वाचलेली जुनी गाडी आज बरी चालत असली, तरी तिच्या दोन्ही पेट्यांचे नट एकदा उघडून पाहायला हवेत. पाणी मिसळलेल्या तेलात बेअरिंगं गंजायला वेळ लागत नाही.

पंधरा वर्षांवरच्या गाडीच्या फेरनोंदणीचं शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० झालं होतं. एवढं भरूनही गाडी ठेवणाऱ्या माणसाला दोन पेट्यांसाठी दोन डब्यांचा खर्च जड नाही. जड जातं ते पुस्तक शोधणं. मूळ पुस्तक हरवलं असेल तर त्या मॉडेलच्या मालकांकडून त्या पानाचा फोटो मिळवता येतो. बहुतेक जुन्या गाड्यांचं तेल २० ते ४० हजार किलोमीटरच्या दरम्यान बदलायचं असतं, पण वर्षाला दोन हजारच धावणाऱ्या गाडीनं तो आकडा गाठायची वाट पाहू नये. काढलेलं तेल अंगणातल्या नाल्यात जाऊ नये, तिथून ते नाग नदीतच जातं. वापरलेलं तेल अधिकृत पुनर्वापर केंद्राकडेच जावं असा नियम आहे, आणि एप्रिल २०२४ पासून तेलकंपन्यांवरही त्याची जबाबदारी टाकलेली आहे.

काम आटोपल्यावर जाणते मिस्त्री बॉनेटच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रंगानं दोन ओळी लिहून ठेवतात. पहिलीत तारीख आणि किलोमीटर. दुसरीत ‘बॉक्स ८०डब्ल्यू-९० जीएल-४, हाउसिंग ९० जीएल-५’. हाउसिंग म्हणजे मागच्या डिफरन्शियलची पेटी. पुढच्या वेळी गाडी दुसऱ्याच गॅरेजात गेली आणि कुणी ‘नव्वद नंबर टाकून देऊ’ म्हणालं, तर बॉनेट उचलून ती ओळ दाखवता येते.